तंबाखूचीं सोंगें

तंबाखू ही मूळची आपल्या देशांतील वस्तु नव्हे. पोर्तुगीजांनीं ती पश्चिम किनाऱ्यावर आणिली व तेथून ती विजापूरच्या दरबारीं पोंचली. सतराव्या शतकाच्या आरंभीं अकबराचा वकील असद बेग विजापुराहून परतला, तेव्हां त्यानें ती रत्नजडित नळीसह बादशहापुढें ठेविली. बादशहानें झुरका घेतांच राजवैद्यानें हरकत घेतली, कीं या वस्तूचा आमच्या ग्रंथांत उल्लेख नाहीं व हिची परीक्षाहि झालेली नाहीं. असद बेगनें युरोपांतील शहाण्या लोकांचा दाखला दिला आणि बादशहानें त्याचीच बाजू उचलून धरली. बादशहा स्वतः त्या नादीं लागला नाहीं. सरदारांत मात्र ती चाल पसरली आणि व्यापारी माल विकूं लागले. पुढें १६१७ सालीं जहांगिरानें मनाई केली. पण तिचा उपयोग झाला नाहीं. परीक्षेऐवजीं प्रतिष्ठा पुढें करण्याची ही रीत तेव्हांपासूनची आहे.

आमचें नांदेड व लातूर १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. त्या राज्याच्या राजधानींत १९१६ सालीं वझीर सुलतान यांनीं तंबाखूचा धंदा उभारिला. त्यांच्या कंपनीची प्रसिद्ध सिगारेट चारमिनार या नांवानें विकली जाई व पाकिटावर त्या इमारतीचेंच चित्र असे. १५९१ सालची ती वास्तु म्हणजे साऱ्या राज्याचा अभिमान. तिच्या छायेंत धूरहि जणूं वैभवाचा भाग ठरला. त्या नांवांत असत्य कांहींच नव्हतें. पण धुराविषयीं जें सांगावयास हवें, तें त्यांत नव्हतें.

न सांगण्याची पुढची पायरी म्हणजे खोटें सांगणें. ती अमेरिकेंत गांठली गेली. १९५० सालीं इंग्लंडांत डॉल व हिल यांनीं धूम्रपानाचा फुप्फुसाच्या कर्करोगाशीं असलेला संबंध दाखविला. ता. ४ जानेवारी १९५४ रोजीं अमेरिकन कंपन्यांनीं चारशेंहून अधिक वर्तमानपत्रांतून निवेदन छापून आपला माल अपायकारक नसल्याची ग्वाही दिली. १९६९ सालच्या एका कंपनीच्या अंतर्गत टिपणांत तर, संशय हाच आपला माल होय, असा स्पष्ट आशय आहे. २००६ सालीं वॉशिंग्टनच्या न्यायालयानें या कंपन्यांनीं दशकानुदशकें जनतेची फसवणूक केल्याचा निर्णय दिला. अकबराच्या वैद्याची शंका परीक्षा मागत होती. या कंपन्यांचा संशय झालेल्या परीक्षेचा निकाल झांकीत होता.

आपल्या घरांत मात्र तंबाखू याहून साध्या वेषानें शिरली. भाजलेली मिश्री दांत घासण्याच्या मिषानें आली आणि जिनें विडीस कधीं हात लाविला नसता, त्या माउलीच्या बोटावर ती रोज सकाळीं जाऊन बसली. तंबाखूयुक्त दंतमंजनावर केंद्र सरकारनें १९९२ सालीं बंदी घातली. पण संवय डबींत राहिलीच. किनवटच्या जंगलांत गोळा होणाऱ्या तेंदूच्या पानांची विडी देशी म्हणून सौम्य समजली गेली. वस्तुतः ती विझूं नये म्हणून झुरके वारंवार घ्यावे लागतात आणि विष कमी होत नाहीं. महाराष्ट्रांत २०१२ सालीं गुटख्यास बंदी झाली. देशांत अन्यत्र बंदीनंतर मसाला व तंबाखू अशा दोन पुड्या शेजारीं ठेवून विकूं लागले. जाहिरातींत नट वेलदोडा खातो. नांव मात्र पानमसाल्याचेंच. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणांत महाराष्ट्रांतील प्रौढांपैकीं धूम्रपान करणारे शेंकडा सुमारें ४, तर धूररहित तंबाखू सेवन करणारे शेंकडा सुमारें २४ आढळले. आपल्याकडे मुखाचा कर्करोग इतका कां, याचें उत्तर पुष्कळ अंशीं येथेंच आहे.

राजवैद्याच्या प्रश्नाचें उत्तर मिळण्यास साडेतीनशें वर्षें लागलीं. तें आतां मिळालेलें आहे. आम्हीं सुशिक्षितांनीं पानपट्टीवरील पुडीस नांवें ठेवावीं आणि स्वतःच्या घरांतील मिश्रीच्या डबीस औषध म्हणावें, हें अज्ञान आतां क्षम्य नाहीं. व्यापाऱ्याचें सोंग ओळखणें सोपें असतें. आपल्याच देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यांत बसलेलें सोंग ओळखण्यास अधिक धैर्य लागतें.