प्रशासनाच्या दफ्तरातील खेकडा

१८३६ साली लंडनच्या एका कीटकशास्त्रीय नियतकालिकात दख्खनच्या भू-खेकड्यांविषयी चार पानांचा लेख प्रसिद्ध झाला. विल्यम हेन्री साइक्स हे मुंबई सरकारचे सांख्यिकी अहवालकार. महसूल व लोकसंख्येच्या नोंदी करता करता या लष्करी गृहस्थांनी पक्षी, मासे आणि खेकडेही टिपले. त्याच लेखात वेस्टवुड यांनी एका जातीस 'कुनिक्युलारिस', म्हणजे सशासारखा बिळे करणारा, असे नाव दिले.

हे बीळच पुढे खेकड्याच्या मुळावर आले. शेतबांध पोखरणारा उपद्रवी जीव एवढीच त्याची शासकीय ओळख उरली. २ जुलै २०१९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण फुटून माणसे वाहून गेली, तेव्हा तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी दोष खेकड्यांवर ठेवला. आरोपीला वकील नव्हता, इतकेच म्हणतो!

विज्ञानाने मात्र त्याची दखल घेतली होती. १९१० मध्ये आल्कॉक यांची गोड्या पाण्यातील भारतीय खेकड्यांची सूची कलकत्त्यात निघाली. १९१६ साली भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्था स्थापन झाली. मग संरक्षण का मिळाले नाही? वन्यजीव अधिनियमाच्या अनुसूचीत अंदमान-निकोबारचा नारळ-खेकडा आला. डोंगरओढ्यांतले मुठे बाहेरच राहिले. मत्स्यखात्याच्या दृष्टीने ते किरकोळ, वनखात्याच्या दृष्टीने अदृश्य, तर कृषिखात्याच्या दृष्टीने कीड.

वस्तुतः हा जीव फार नाजूक व्यवस्थेवर जगतो. सागरी खेकड्यांप्रमाणे त्याच्या अळ्या प्रवाहाबरोबर दूर जात नाहीत. मादी मोजकीच, पण मोठी अंडी घालते आणि पिले पोटाच्या झडपेखाली सांभाळते. त्यामुळे कित्येक जाती एखाद्या पठारापुरत्या वा ओढ्यापुरत्याच आढळतात. तो ओढा खाणीने वा रस्त्याने बुजला की जातच संपते. २००९ साली जगातील सुमारे १,२८० जातींचे मूल्यमापन झाले, तेव्हा जवळपास निम्म्या जाती 'अपुरी माहिती' या रकान्यात पडल्या. दफ्तरात या शेऱ्याचा अर्थ 'धोका नाही' असा लावला जातो, हीच खरी अडचण.

जैवविविधता अधिनियम, २००२ च्या कलम ३७ खाली राज्य शासन वारसास्थळ घोषित करू शकते. कलम ३८ खाली केंद्र शासनाला नामशेष होऊ घातलेल्या जाती अधिसूचित करता येतात. आंबोलीच्या हिरण्यकेशी उगमातील इवल्याशा माशासाठी २०२१ साली महाराष्ट्राने कलम ३७ वापरले. त्या माशाचे वर्णन आदल्याच वर्षी झाले होते. सह्याद्रीतील एखाद्या खेकड्याच्या ओढ्यासाठी तसाच प्रस्ताव तयार करण्यास नवा कायदा लागत नाही.