इंजेक्शनच्या खोलीतील यंत्रमानव : पूर्वपीठिका

रुग्णालयातील बालकाची भीती हा वैद्यकशास्त्राने विचारात घ्यावा असा विषय आहे, ही जाणीव फारशी जुनी नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटनमधील अनेक रुग्णालये दाखल झालेल्या मुलाला आईवडिलांनी भेटण्यावर कडक निर्बंध घालत. भेटीतून संसर्ग पसरतो आणि भेट संपली की मूल अधिकच रडते, असे त्याचे समर्थन केले जाई. काही दिवसांनी मूल गप्प झाले की ते ‘रुळले’ अशी नोंद होई. न्यूकॅसलमध्ये बालरोगतज्ज्ञ जेम्स स्पेन्स यांनी १९२० च्या दशकातच आयांना मुलांजवळ राहू दिले होते, पण तो अपवादच ठरला.

रुळलेले दिसणारे मूल प्रत्यक्षात खचलेले असते, हे जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये चित्रपटातून दाखवले. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मनोविश्लेषक जॉन बोल्बी यांच्यासमवेत काम करणाऱ्या रॉबर्टसन यांनी हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहिलेल्या, अडीच वर्षांच्या आतबाहेरच्या एका मुलीचे चित्रीकरण केले. सोयीचे प्रसंग निवडल्याचा आक्षेप येऊ नये म्हणून चित्रीकरणाच्या वेळा आधीच ठरवल्या होत्या आणि त्याची साक्ष म्हणून भिंतीवरचे घड्याळ चौकटीत ठेवले होते. मुलगी फारशी रडत नाही, आणि नेमके तेच पाहवत नाही. डॉक्टरांच्या सभेत या चित्रपटावर टीकेची झोड उठली. तरीही रुग्णालयातील मुलांच्या कल्याणाचा विचार करणाऱ्या ब्रिटनमधील प्लॅट समितीच्या १९५९ च्या अहवालाने भेटीचे निर्बंध उठवण्याची शिफारस केली.

आईला दार उघडले, तरी सुई टोचण्याचा क्षण उरतोच. त्यासाठीची रीत प्रामुख्याने अमेरिकेत घडली. क्लीव्हलंडच्या सार्वजनिक रुग्णालयात एमा प्लँक यांनी १९५५ पासून खेळाला उपचाराच्या दिनक्रमात जागा दिली आणि पुढे ‘चाइल्ड लाइफ’ हा स्वतंत्र पेशा उभा राहिला. या पेशातील तज्ज्ञ मुलाला बाहुलीवर इंजेक्शनचा खेळ खेळू देतात, होणारी प्रक्रिया त्याच्या भाषेत समजावतात आणि ऐन वेळी त्याचे लक्ष दुसरीकडे वळवतात. वेदनेची जाणीव काही अंशी अवधानावर अवलंबून असल्याने, अवधान अन्यत्र गुंतले की वेदना कमी भासते, हे या लक्षांतराचे तत्त्व आहे.

सामाजिक यंत्रमानव, म्हणजे बोलणे, हावभाव आणि नजर यांद्वारे माणसाशी संवाद साधण्यासाठी घडवलेले यंत्र, या तयार रीतीचा वारसदार होय. कॅनडातील कॅल्गरी येथे तान्या बेरन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४ ते ९ वर्षांची ५७ मुले फ्लूची लस घेणार होती. काहींच्या समोर ‘नाओ’ हा सुमारे ५८ सेंटिमीटर उंचीचा फ्रेंच बनावटीचा यंत्रमानव होता. तो मुलाच्या हातावर टाळी देई, गप्पा मारी आणि खेळण्यातल्या बदकावरची धूळ फुंकायला सांगे. फुंकर घालण्यासाठी मुलाला श्वास लांब सोडावा लागतो आणि श्वास सुटला की अंग सैल पडते. ‘दीर्घ श्वसन कर’ असे भेदरलेल्या पाच वर्षांच्या मुलाला सांगून जे क्वचितच साधते, ते बदकाने साधले. यंत्रमानव सोबत असलेल्या मुलांमध्ये वेदना व त्रास कमी नोंदवला गेला.

नंतरच्या प्रयोगांनी उत्साहाला आवर घातला. एडमंटन येथे सलाईनसाठी शिरेत सुई घालताना ‘नाओ’ वापरला असता मुलांचा त्रास काहीसा घटला, वेदनेत मात्र ठळक फरक दिसला नाही. एमआयटीच्या सिंथिया ब्रेझील यांच्या प्रयोगशाळेत घडलेल्या ‘हगेबल’ या निळ्या यांत्रिक अस्वलाची चाचणी बॉस्टनच्या बालरुग्णालयात ५४ मुलांवर झाली. साधे कापडी अस्वल किंवा टॅबलेटवरील सचित्र अस्वल मिळालेल्या मुलांशी तुलना करणाऱ्या या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. यांत्रिक अस्वलासोबतची मुले अधिक आनंदी दिसली. या अस्वलाच्या हालचाली आणि बोलणे दुरून एक माणूस चालवत होता. त्यामुळे मुलांच्या आनंदातील किती वाटा यंत्राचा आणि किती त्या अदृश्य सोबत्याचा, हे अशा चाचणीतून वेगळे काढता येत नाही. मनुष्यबळ वाचवण्यासाठी यंत्रमानव घेऊ पाहणाऱ्या रुग्णालयाच्या हिशेबात त्या माणसाचे वेतनही धरावे लागते.