नहपानाचा कोश आणि सातकर्णीचा ठसा

राजांच्या कथा आपण ऐकतो, त्या बहुधा कोणाच्या तरी मुखातून वा ग्रंथातून आलेल्या असतात. नाणे मात्र त्या राजाच्याच टांकसाळीतून निघते आणि काळाच्या प्रवाहात ना बदलते, ना अतिशयोक्ती करते. म्हणूनच एखादी जुनी आख्यायिका आणि जमिनीतून निघालेले नाणे एकमेकांच्या शेजारी ठेवता आले, तर तो योग इतिहासाच्या अभ्यासकाला दुर्मीळ वाटतो. जैन वाङ्मयाने जपलेली अशीच एक कथा येथे वाचकांपुढे ठेवीत आहे.

आवश्यक निर्युक्तीच्या टीकापरंपरेत भरुकच्छ म्हणजे आजच्या भरूचच्या नहवाहण राजाची आणि प्रतिष्ठान म्हणजे पैठणच्या सालवाहन राजाची कथा येते. नहवाहण कोशाने समृद्ध होता, तर सालवाहन सैन्याने. सालवाहन वारंवार भरुकच्छाला वेढा घाली. परंतु शत्रूचे शिर आणणाऱ्या योद्ध्यास नहवाहण सढळ हाताने द्रव्य देई. त्यामुळे त्याचे सैनिक प्राणपणाने लढत आणि सालवाहनाला रिकाम्या हाताने परतावे लागे. अखेर सालवाहनाचा अमात्य राजाने हाकलून दिल्याचे सोंग घेऊन भरुकच्छास गेला, तेथे राजाचा विश्वास संपादन करून मंत्री झाला आणि पुण्यसंचयासाठी देवालये, तळी व विहिरी यांवर धन वेचण्याचा उपदेश त्याने राजाला केला. कोश रिता झाला, योद्ध्यांना द्यायला काही उरले नाही आणि नगर सालवाहनाच्या हाती पडले.

कथेतील नहवाहण म्हणजे क्षहरात वंशातील क्षत्रप नहपान, असे अभ्यासक मानतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील त्याची चांदीची नाणी प्रसिद्ध आहेत. एका बाजूस राजाचा मुखवटा व भोवती भ्रष्ट ग्रीक अक्षरे. दुसऱ्या बाजूस बाण व वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपींत राजाचे नाव, अशी त्यांची घडण आहे. ग्रीक, खरोष्ठी आणि ब्राह्मी अशा तीन लिपी एकाच लहानशा नाण्यावर नांदाव्यात, यावरूनच भरुकच्छाच्या व्यापाराचा पसारा ध्यानात येतो.

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे अशा सुमारे १३,२५० नाण्यांचा साठा सापडला. त्याचा अभ्यास रेव्हरंड स्कॉट यांनी केला. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाच्या मुद्रेवरच गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवलेला आहे. एका बाजूस तीन कमानींची टेकडी, तिच्याखाली नागमोडी रेघ आणि सातकर्णीचे नाव. दुसऱ्या बाजूस उज्जैन चिन्ह. जिंकलेल्या राजाचे नाणे वितळवून टाकण्याऐवजी त्यावर आपले नाव कोरून ते पुन्हा चलनात आणणे, याहून बोलका विजयलेख कोणता असेल? नाशिकच्या पांडवलेण्यांतील तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या पुत्राला क्षहरात वंशाचा निःशेष उच्छेद करणारा म्हटले आहे, त्या शब्दांना ही नाणी साक्ष देतात.

आणि दानाचे काय? त्याच पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन व शूर्पारक येथे बांधलेली विश्रामगृहे, विहिरी, तळी, नद्यांवरील मोफत नावा असे दानाचे भांडार त्यांत आहे. विणकरांच्या श्रेणीकडे ठेवलेल्या २,००० कार्षापणांचे दरमहा शेकडा १ प्रमाणे येणारे व्याज वीस भिक्षूंच्या वस्त्रांसाठी होते. वर्षाचे २४० कार्षापण, म्हणजे प्रत्येकी १२. हिशेब चोख आहे.

तेव्हा कथा सर्वस्वी कल्पित नाही. कोशाचे सामर्थ्य, दानाची ख्याती आणि पैठणकरांच्या हातून झालेला पराभव, या तिन्ही गोष्टींना पुरावा मिळतो. मंत्र्याच्या कपटाला मात्र नाणी दुजोरा देत नाहीत. शिवाय, नहपानाची इतकी चांदी चलनात राहून सातकर्णीच्या हाती आली, हे पाहता 'दानाने राज्य बुडाले' असा सरळ निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. उषवदाताची ठेव व्याजावर चालणारी होती. मूळ द्रव्य न मोडता तिच्या उत्पन्नातून दान होत होते. कथेतील राजाने कोशच वेचला. सत्पात्री दान आणि अविचारी खर्च यांतील हा भेद कोणत्याही विश्वस्ताने मनन करावा असाच आहे.

संग्राहकांसाठीही येथे एक धडा आहे. दुहेरी ठशाचे नाणे 'खराब' समजून बाजूला सारले जाते. वस्तुतः इतिहास त्या दुसऱ्या ठशातच असतो. जोगलटेंभीची नाणी सापडताच वाटली गेली असती, वा सोनाराच्या मुशीत गेली असती, तर त्यांपैकी किती पुन्हा ठसवली होती हे कोणास कळले असते? म्हणून घरातील जुनी नाणी चिंच-राखेने घासू नयेत; ती कोठे व कशी मिळाली याची नोंद ठेवावी; जमिनीत निधी सापडल्यास १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे. धातूचे मोल बाजार ठरवतो, साक्षीचे मोल आपण जपले तरच राहते.