बदरुद्दीन तय्यबजी आणि नागरिकत्वाची कसोटी

जागतिकीकरण हा शब्द आपल्या कानांवर १९९१ नंतर पडू लागला. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागापासून आखातात नोकरीला गेलेल्या कोकणी तरुणापर्यंत अनेकांच्या पोटापाण्याचे हिशेब बदलले. जग असे झपाट्याने बदलू लागले की संख्येने लहान असलेल्या समाजापुढे दोन वाटा उरतात. दार लावून आत बसायचे, किंवा बाहेर पडून सार्वजनिक कामात आपली जागा घ्यायची. हा पेच आपल्याच पिढीचा आहे असे आपल्याला वाटते. पण दीडशे वर्षांपूर्वी मुंबईच्या मुसलमानांपुढे तो असाच उभा होता, आणि त्यांच्यातल्या काही माणसांनी त्याचे उत्तर शोधले होते.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि मुंबईतल्या कित्येक पेढ्या एका फटक्यात बुडाल्या. पुढे १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला. सातासमुद्रापलीकडच्या घडामोडींनी इथल्या घरातली चूल पेटते किंवा विझते, हे मुंबईने तेव्हाच पाहिले.

या उलथापालथीच्या काळात खंबायतहून मुंबईत आलेल्या मुल्ला तय्यब अली या सुलेमानी बोहरा व्यापाऱ्याने आपल्या मुलांना शिकायला युरोपात पाठवले. थोरले कमरुद्दीन सॉलिसिटर झाले. १८४४ मध्ये जन्मलेले बदरुद्दीन १८६७ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले. मुंबई हायकोर्टातले ते पहिले हिंदी बॅरिस्टर. वकिली जोरात चालली. एवढ्यावर ते सुखाने राहू शकले असते.

पण १८७२ च्या कायद्याने मुंबईच्या नगरपालिकेत ६४ पैकी ३२ सभासद करदात्यांनी निवडून देण्याची सोय झाली, आणि पुढच्याच वर्षी बदरुद्दीन पालिकेत जाऊन बसले. गटारे, पाणी, रस्ते, पट्टी असे तिथले विषय. त्यात ना जात ना धर्म. पारशी, हिंदू, मुसलमान आणि इंग्रज एका टेबलाशी बसून शहराचा खर्च ठरवत होते. नागरिक होण्याचा हा पहिला धडा होता.

१८७४ हे साल आपण नीट ध्यानात ठेवले पाहिजे. त्या वर्षी फेब्रुवारीत एका पारशी गृहस्थाच्या पुस्तकातील पैगंबरसाहेबांविषयीच्या मजकुरावरून मुंबईत दंगल उसळली. मुसलमानांच्या जमावाने पारशी वस्तीवर हल्ला केला, प्रार्थनास्थळे आणि घरे फोडली. त्याच शहरात, त्याच वर्षी, बदरुद्दीन, कमरुद्दीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. दुखावलेल्या भावनेला दगडाने उत्तर द्यायचे की तालमीने, हे दोन्ही पर्याय मुंबईच्या मुसलमानांनी एकाच वर्षी पाहिले. दंगलीतून काय हाती लागले? अंजुमनची शाळा १८८० मध्ये सुरू झाली. बोरीबंदर स्थानकासमोर तिची इमारत आजही उभी आहे.

राजकारणातला निर्णय याहून अवघड होता. १८८५ मध्ये फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्यासोबत बदरुद्दीन यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन उभी केली. डिसेंबर १८८७ मध्ये मद्रासला भरलेल्या काँग्रेसच्या तिसऱ्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. त्याच दिवसांत लखनौला सर सय्यद अहमद खान मुसलमानांना काँग्रेसपासून दूर राहायला सांगत होते. निवडणुकीच्या राज्यात बहुसंख्याकांपुढे आपला आवाज बुडेल, ही त्यांची भीती. ती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती, आणि बदरुद्दीन यांनीही ती तशी नेली नाही. ज्या विषयाला एका समाजाचे प्रतिनिधी जवळजवळ एकमताने हरकत घेतील तो काँग्रेसने चर्चेला घेऊ नये, असा नियम त्यांच्या आग्रहातून १८८८ मध्ये झाला. विरोध इतका वाढला की काँग्रेस काही वर्षे स्थगित ठेवावी असेही त्यांनी ह्यूम यांना लिहिले. म्हणजे हा माणूस शंकांच्या पलीकडे गेलेला नव्हता. भीती खरी मानून तिच्यासाठी सामायिक घरातच तरतूद करायची, ही त्यांची रीत होती.

१८९५ मध्ये ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. १८९७ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली लोकमान्य टिळकांना अटक झाली आणि आधीच्या अर्जांवर जामीन नाकारला गेला. अखेर अर्ज न्यायमूर्ती तय्यबजींपुढे आला, आणि त्यांनी जामीन दिला. टिळकांच्या राजकारणाशी त्यांचे फारसे जुळत नव्हते. पण आरोपीला आपला बचाव करण्याची संधी मिळालीच पाहिजे, हा कायदा सर्वांना सारखाच. महाराष्ट्राच्या इतिहासात हा प्रसंग एका मुसलमान न्यायाधीशाच्या नावाने नोंदलेला आहे, हे आपल्या मुलांना आपण सांगतो का?

१९०३ मध्ये मुंबईला मुस्लिम शिक्षण परिषद भरली. तिच्या अध्यक्षपदावरून कडक पडद्याविरुद्ध बोलून त्यांनी स्वजनांचाही रोष ओढवून घेतला. १९०६ मध्ये लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ते श्रीमंत घरातले होते. पालिकेचा मतदार म्हणजे ठरावीक पट्टी भरणारा माणूस. उत्तरेकडून येऊन मदनपुऱ्यात माग चालवणाऱ्या मोमीन विणकराला, खलाशाला, घरातल्या बाईला तिथे मत नव्हते. आज ते मत आपल्या प्रत्येकाच्या हाती आहे. बदरुद्दीन यांना मूठभरांच्या वतीने जे करावे लागले, ते आपण सगळे मिळून करू शकतो.

तरीही आपल्या वस्तीतली गटारे तुंबली की आपण नशिबाला किंवा सरकारला बोल लावतो. वॉर्डाच्या सभेला मात्र जात नाही. शाळेच्या समितीवर नाव द्यायला कोणी पुढे येत नाही. आपल्यावर अन्याय होतो, हे खोटे नाही. पण तक्रार करणारा माणूस जोवर टेबलाशी बसत नाही, तोवर त्याच्याविषयीचे निर्णय दुसरेच घेतात. जग पुन्हा बदलते आहे. दार लावून बसण्याची किंमत आपण एकदा मोजली आहे. टेबलाशी जाऊन बसण्याची वाटही आपल्याच एका पूर्वजाने दाखवली आहे. त्या वाटेने चालायचे की नाही, एवढेच आता आपण ठरवायचे आहे.