चादरीचा आठवडा कुणी ठरवला?

पलंगावरची चादर आठवड्यातून एकदा बदलावी, असे आरोग्यपुरवण्यांपासून धुण्याच्या पावडरीच्या जाहिरातींपर्यंत सगळीकडे इतक्या ठामपणे सांगितले जाते की हा नियम आजीच्या काळापासून चालत आला असावा असे वाटते. प्रत्यक्षात आजीच्या घरात दर आठवड्याला बदलायला दुसरी चादर नसे. गोधडी, वाकळ, घोंगडी, एखादी सतरंजी आणि पाहुण्यांसाठी घडी करून ठेवलेली सोलापुरी चादर, एवढेच बहुसंख्य मराठी घरांचे अंथरूण-पांघरूण होते. त्यातले जड कपडे वर्षातून एकदोनदा पाणी पाहत. यावरून ती माणसे गलिच्छ होती असे कुणी म्हणत असेल, तर तो आजचा नियम उलट्या दिशेने लावतो आहे. अंथरूण किती दिवसांनी धुतले जाते याचा संबंध माणसाच्या स्वभावाशी थोडा आणि त्याच्या परिस्थितीशी फार असतो. घरात कापड किती, पाणी कुठून आणि किती वेळ येते, ओले कपडे वाळत कुठे घालायचे आणि धुणारे हात कुणाचे, या चार गोष्टींवरून तो आकडा ठरतो. हे तपासायचे तर उल्हासनगर कॅम्प १ सारखी जागा शोधून सापडणार नाही. तिथे हजारो कुटुंबांनी जवळजवळ एकाच वेळी, सारख्याच बराकींत, सारख्याच रिकाम्या हातांनी संसार मांडले.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराने तात्पुरत्या मुक्कामाची छावणी उभारली होती. फाळणीनंतर, विशेषतः जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल उसळल्यानंतर, सिंधी हिंदूंचे लोंढे बोटींनी मुंबई बंदरात उतरले आणि त्यांतले लाखाच्या घरातले लोक या रिकाम्या छावणीत आणले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचे उल्हासनगर असे नामकरण झाले. नाव नदीवरून पडले, पण कॅम्पांचे आकडे लोकांच्या तोंडून गेले नाहीत. कॅम्प १ हा शहाडच्या बाजूचा, उल्हास नदीला सर्वांत जवळचा. या बराकी बांधल्या होत्या सैनिकांसाठी. सैनिकाला अंथरूण सरकार देते आणि ते धुवायला पलटणीचा धोबी असतो. छावणी सोडताना लष्कर धोब्यालाही घेऊन गेले आणि मागे राहिल्या लांबलचक भिंती, सार्वजनिक नळ आणि सार्वजनिक संडास. शेकडो माणसे झोपण्याची सोय तशीच राहिली होती. त्यांचे अंथरूण स्वच्छ ठेवण्याची व्यवस्था मात्र आता प्रत्येक घरातल्या बाईच्या अंगावर आली.

बरे, धुवायला कापड तरी होते का? युद्धकाळात १९४३ पासून देशभर कापडावर नियंत्रण होते. जानेवारी १९४८ मध्ये ते उठवले, तेव्हा भाव असे भडकले की त्याच वर्षाच्या मध्यावर सरकारला ते पुन्हा लादावे लागले. म्हणजे निर्वासित ज्या महिन्यांत बोटींतून उतरत होते, नेमके त्याच महिन्यांत साधे सुती कापड सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होते. जे आणले होते त्यातलेही बरेचसे झोपण्याच्या कामी आले नाही, कारण एका बराकीत अनेक कुटुंबे राहत आणि मधल्या भिंती म्हणून चादरी, साड्या, गोणपाट टांगलेले असत. अशी चादर धुवायला काढणे म्हणजे दिवसभर शेजाऱ्यांसमोर उघड्यावर राहणे. ही परिस्थिती ध्यानात घेतली की ‘किती दिवसांनी धूत असतील?’ हा प्रश्नच वेडगळ ठरतो. ज्या घरात एकच चादर आहे तिथे ती सकाळी धुऊन रात्रीपर्यंत वाळली पाहिजे. वाळण्याची खात्री नसेल तर ती धुतलीच जात नाही.

इथे युरोपचा जुना दाखला उपयोगी पडतो. फ्रान्समध्ये आणि आसपासच्या देशांत अठराव्या-एकोणिसाव्या शतकापर्यंत संपन्न घरांत कपड्यांचे मोठे धुणे वर्षातून दोनचारदाच निघे. कपाटात चादरींच्या थप्प्या असत, वापरलेली बाजूला टाकायची आणि नवी काढायची. महिनोन्‌महिने न धुणे ही तिथे श्रीमंतीची खूण होती, कारण तेवढे कापड बाळगण्याची ऐपत त्यातून दिसे. वारंवार धुवावे लागे ते मोजके कापड असलेल्या गरिबाला. तेव्हा जास्त वेळा धुणारा तो जास्त स्वच्छ, हे समीकरण सगळीकडे लागू पडत नाही. धुण्याचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. त्याच्या शेजारी कपाटातल्या चादरींचा आकडा मांडावा लागतो.

मग चादरींविना चाललेल्या या संसारांत स्वच्छता राखली कशी जाई? पाण्याइतकेच, किंबहुना जास्तच, काम ऊन करी. मराठी घरांतली गोधडी आणि सिंधमधली रल्ली या सख्ख्या बहिणी आहेत. दोन्ही जुन्या कापडाचे थर एकावर एक ठेवून बायकांनी हाताने टाके घालून शिवलेल्या. भिजली की गोधडी इतकी जड होते की ती पिळायला दोन माणसे लागतात. म्हणून तिला रोज झटकायचे, अधूनमधून उन्हात टाकायचे आणि धुवायचे ते ठरलेल्या वेळी. देशावर ही वेळ म्हणजे घटस्थापनेच्या आधीचे दिवस. तेव्हा ‘दसरा काढतात’ आणि गावातल्या सगळ्या वाकळा नदीकाठच्या खडकांवर येतात. पावसाळा नुकताच ओसरलेला, नदीला भरपूर पाणी आणि ऊन कडक. या मुहूर्तामागे देवीइतकाच पाण्याचा आणि उन्हाचा हिशेब आहे. शिवाय अंथरूण जमिनीवर असे, सकाळी त्याची वळकटी होई. रोज उचलणे, झटकणे, घडी घालणे यांत जो वारा लागे तो आजच्या पलंगावरच्या चादरीला लागत नाही. ती बिचारी चोवीस तास एकाच जागी पसरलेली असते. उल्हासनगरचा फर्निचर बाजार आज मुंबईपर्यंत नावाजलेला आहे. दिवाण आणि डबलबेड घरात आले तसे अंथरूण उचलायचे थांबले, आणि चादर वारंवार धुण्याची गरज खरे तर त्यानंतर वाढली.

सिंधी कुटुंबांच्या बाबतीत यात एक भूगोलाचा पेच होता आणि त्याकडे कुणी फारसे लक्ष दिलेले नाही. सिंध कोरडा प्रदेश, बऱ्याच भागांत वर्षाकाठी शंभर-दोनशे मिलिमीटर पाऊस. तिथे रल्ली खाटेवर टाकली की ऊन-वारा आपले काम करतात. कल्याण-बदलापूरच्या पट्ट्यात चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलैत इथे ओला कपडा दोन दोन दिवस दमट राहतो आणि धुतलेल्या चादरीला न धुतलेल्या चादरीहून वाईट वास येतो. सिंधमधली वहिवाट इथे जशीच्या तशी चालणे शक्य नव्हते. ‘अमक्या समाजाचे लोक मळकट, तमक्यांचे टापटीप’ अशी वाक्ये दोन्ही बाजूंनी आजही ऐकू येतात. बोलणाऱ्याने आधी पर्जन्यमानाचा तक्ता पाहावा.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. आपल्याकडे शुचितेची कल्पना एवढी खोल असताना सगळे श्रेय पाण्याला आणि जागेला कसे द्यायचे? सुतक फिटल्यावर अंथरूण-पांघरूण धुतात, बाळंतिणीचे कपडे वेगळे धुतात, ही संस्कृती नव्हे काय? आहेच. पण सोवळ्याचा आणि मळाचा मार्ग एक नाही. लोकरीला आणि रेशमाला विटाळ नाही असे मानणाऱ्या घरांत धाबळी वर्षानुवर्षे पाणी न लागताही सोवळ्यात चाले, आणि कालच धुतलेले सुती वस्त्र नुसत्या स्पर्शाने ओवळे होई. हे शास्त्र कपड्याला कोण शिवले ते पाहते, त्यात घाम किती मुरला ते पाहत नाही. शिवाय मळ काढणारे हात गावगाड्यात परटाचे होते. बारा बलुतेदारांतला हा माणूस पापडखार घालून भट्टी लावी आणि वर्षाच्या धान्यावर गावाचे कपडे उजळी. संत गाडगेबाबा याच परीट समाजातले. कपडे धुणाऱ्या जातीत जन्मलेला माणूस हातात खराटा घेऊन गावोगाव स्वच्छता सांगत फिरला. ज्यांच्या घरी शुचितेचे स्तोम होते त्यांना ते सुचले नाही.

स्वच्छ अंथरुणाची सक्ती सरकारनेही एकदा करून पाहिली आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. तेव्हा कल्याण स्थानकावर आगगाडीच्या प्रवाशांची तपासणी होत असे, आणि पुढच्या वर्षी पुण्यात सोजिरांनी घराघरांत घुसून अंथरुणे बाहेर काढली, जाळली. लोकांना चीड आली ती स्वच्छतेची नव्हे. ज्या घरात दोन वाकळा होत्या तिथे दोन्ही गेल्या, हेही त्यामागचे एक साधे कारण होते. दुसरी वाकळ दिल्याशिवाय पहिली काढून घेणाऱ्याला आरोग्याधिकारी कसे म्हणावे?

उल्हासनगरात आकडा खरोखर बदलला तो १९७० नंतरच्या दोन-तीन दशकांत, आणि उपदेशाचा त्यात हात नव्हता. शहाडला सेंच्युरी रेयॉनचे उत्पादन १९५६ मध्ये सुरू झाले, अंबरनाथ-डोंबिवलीला कारखाने आले, नियमित पगार आणि साप्ताहिक सुटी आली. या पट्ट्यातल्या कारखान्यांची सुटी शुक्रवारी, त्यामुळे आठवड्याचे मोठे धुणेही बऱ्याच घरांत रविवारऐवजी शुक्रवारी निघू लागले असावे. कॅम्प १ च्या दारात तयार होणाऱ्या रेयॉनचा चादरीला तसा उपयोग नव्हता. हा धागा ओला झाला की निम्मा जोर गमावतो, बडवून पिळण्याच्या धुण्यात तो टिकणार कसा? उपयोग झाला तो पॉलिएस्टर मिसळलेल्या हलक्या कापडाचा, जे लवकर वाळते, आणि पावडरीचा. सर्फ १९५९ मध्ये आला होता, पण तो मध्यमवर्गाचा. १९६९ मध्ये अहमदाबादेत सुरू झालेल्या निरमाने पावडर चाळीत आणि बराकीत नेली. पुढे पानिपतच्या स्वस्त चादरी आल्या. पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासित विणकरांनी पानिपतचा हा धंदा वाढवला. मराठी माणसाला पानिपत वेगळ्या कारणाने आठवते, पण एका निर्वासित गावाने विणलेली चादर दुसऱ्या निर्वासित गावाच्या दिवाणावर पसरली गेली, हा इतिहासही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. घरात तिसरी-चौथी चादर आल्यावरच ‘आठवड्याला एक’ हा नियम पाळणे शक्य झाले.

शक्य झाले, पण पाणी असेल तर. एक डबल चादर आणि दोन अभ्रे हाताने धुवायचे तर साबणाची एक बादली आणि खळबळायला निदान दोन लागतात. नदी कॅम्प १ च्या शेजारून वाहते, तरी उल्हासनगर महापालिकेला स्वतःचा जलस्रोत नाही. बारवी धरणाचे पाणी नदीत सोडायचे, एमआयडीसीने ते जांभूळला उचलून शुद्ध करायचे आणि शहराने विकत घ्यायचे, अशी ही व्यवस्था आहे. २०१६ च्या टंचाईत ठाणे जिल्ह्यात आठवड्यातले सलग काही दिवस नळ कोरडे राहिले. अशा वेळी पहिली गाळली जाते ती चादर, कारण शर्ट मळका असला तर जगाला दिसतो, चादर दिसत नाही. आणि याच शहराच्या कॅम्प ५ मध्ये वर्षानुवर्षे टँकरच्या पाण्यावर जीन्स धुण्याचे कारखाने चालले. नव्या विजारी जुन्या दिसाव्यात म्हणून त्या पुन्हा पुन्हा धुतल्या गेल्या आणि रंगीत पाणी वालधुनी नदीत गेले. प्रदूषणाच्या खटल्यांनंतर त्यांतले बरेच बंद पडले किंवा आसपासच्या गावांत हलले. धुण्यासाठी पाणी नाही असे या शहराने कधी म्हणू नये. पाणी कशाच्या धुण्याला द्यायचे हे बाजाराने ठरवले.

शेवटचा आक्षेप डॉक्टरांचा: इतिहास काहीही असो, गादीत धुळीचे किडे होतात, दमा बळावतो, खरूज पसरते, म्हणून आठवड्याला चादर धुवाच. यातले वैद्यकीय म्हणणे खरे आहे. हे किडे माणसाच्या गळालेल्या त्वचेवर जगतात आणि दमट हवेत वाढतात, म्हणजे आपल्या पट्ट्यात त्यांची चैन आहे. पण ते मारायला साठ अंशांच्या आसपास तापलेले पाणी किंवा कडक ऊन आणि कोरडेपणा लागतो. गार पाण्यातून काढून बेडरूमच्या खिडकीच्या ग्रीलवर दोन दिवस दमट ठेवलेली चादर हा उद्देश पुरा करीत नाही. रेल्वेची ब्लँकेटे महिन्यातून किमान एकदा धुतली जातात, असे रेल्वेमंत्र्यांनी २०२४ मध्ये लोकसभेत सांगितले तेव्हा मोठा गहजब झाला. यांत्रिक धुलाईगृहे असलेल्या खात्याला महिन्याची मुभा, आणि तासभर पाणी येणाऱ्या घरातल्या बाईला आठवड्याचा दंडक, हे मला पटत नाही.

राहिला प्रश्न वाळवण्याच्या जागेचा. मे २०२१ मध्ये कॅम्प १ आणि २ मधल्या इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे मेली, आणि त्यानंतर जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाचा विषय ऐरणीवर आला. नव्या इमारतींच्या नकाशांत पार्किंग असते, क्लबहाउस असते, कपडे वाळत घालायला मात्र जागा नसते. गच्चीला कुलूप आणि दर्शनी बाजूला कपडे टांगायला मनाई, असा सोसायट्यांचा शिरस्ताच झाला आहे. ज्यांच्या सोसायटीचा नकाशा अजून मंजूर व्हायचा आहे त्यांनी पुढच्या सभेत एवढे दोन ठराव मांडावेत: गच्चीवर पावसाळ्यासाठी पत्र्याखाली वाळवणाच्या दोऱ्या, आणि किल्ली मागेल त्या घराला.