रूपांतरित पटकथा

रूपांतरित पटकथा : पूर्वप्रकाशित कथा, कादंबरी, नाटक वा चरित्र यांवरून चित्रपटासाठी सिद्ध केलेली दृश्यानुक्रमी संहिता (पहा : पटकथा). निवेदन व मनोगत यांचे दृश्य-संवादांत रूपांतर हे तिचे मुख्य तंत्र. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत पटकथेचा पुरस्कार १९६७ च्या चित्रपटांपासून आहे; २००९ च्या चित्रपटांपासून मूळ आणि रूपांतरित असे भाग पडले. रूपांतरित विभागात २०१० साठी ‘मी सिंधुताई सपकाळ’ (अनंत महादेवन, संजय पवार) आणि २०११ साठी मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरील ‘शाळा’ (अविनाश देशपांडे निगडी) असे सलग दोन मराठी चित्रपट मानकरी ठरले. मराठीत याआधीही, ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर) परिसरातील वाटेगावचे (ता. वाळवा, जि. सांगली) अण्णा भाऊ साठे यांच्या कादंबऱ्यांवर ‘वैजयंता’ (१९६१), ‘फकिरा’ (१९६३), ‘वारणेचा वाघ’ (१९७०) इ. चित्रपट निघाले (पहा : साठे, अण्णा भाऊ). ‘फकिरा’ला १९६१ मध्ये मिळालेला राज्य पुरस्कार मात्र कादंबरीचा, पटकथेचा नव्हे.