शिरोड्याच्या मिठाचें मोल

ज्युबिलीच्या या आनंदांत आम्हांस गांवच्या मिठागरांचें स्मरण होतें. प्रभूनें शिष्यांस ज्या मिठाची उपमा दिली, त्याच मिठासाठीं सन १९३० च्या मे महिन्यांत येथें कायदेभंग झाला. स्वराज्यासाठीं सत्याग्रही तुरुंगांत गेले. त्या कष्टांचें चीज झालें काय? सन १९३१ च्या गांधी-आयर्विन करारानें मिठागरांलगतच्या गांवकऱ्यांस घरापुरतें व गांवांत विकण्यापुरतें मीठ घेण्याची मोकळीक मिळाली. कर मात्र १९४७ पावेतों उठला नाहीं. सतरा वर्षें! हिशेबी मनुष्य यास तोटाच म्हणेल. आम्हांस तसें म्हणवत नाहीं. धनिकाच्या ताटांत व गरिबाच्या पेजेंत मीठ सारखेंच पडतें, म्हणून हा कर गरिबासच अधिक जाचे. त्याच्या पेजेवरील सरकारचा हात १९३१ सालींच थोडा सैल झाला, हें आम्ही लहान मानीत नाहीं.